दोन चुलींचा हिशेब: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून परदेशी जाणाऱ्यांसाठी खर्चाची मांडणी

परदेशी जाण्याचे घरात ठरू लागले की सर्वात आधी एक शंभर पानी वही घ्यावी आणि तिचे चार भाग करावेत. पहिल्या भागात विमानात बसेपर्यंतचा खर्च लिहावा, दुसऱ्यात तिथे पोहोचल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांचा, तिसऱ्यात तिथल्या नेहमीच्या महिन्याचा आणि चौथ्यात इथल्या घराच्या महिन्याचा. मोबाइलमध्ये लिहिले तरी चालते, पण वही घरातल्या सर्वांना दिसते आणि आई-वडीलही तिच्यात डोकावू शकतात, म्हणून माझे मत वहीच्या बाजूने आहे. ओळखीच्या घरांना अशा वह्या मांडून देताना एक गोष्ट वारंवार दिसली. पहिले तीन भाग लोक उत्साहाने भरतात आणि चौथा भाग कोराच राहतो. पुढे ओढाताण होते ती बहुतेक वेळा याच कोऱ्या पानांमुळे, कारण घर सोडून गेलेल्या माणसाला एका चुलीचा नव्हे, दोन चुलींचा खर्च चालवायचा असतो.

पहिली पायरी: वही मागून सुरू करावी

सुरुवात चौथ्या भागापासून करावी. मागच्या तीन महिन्यांत घरात प्रत्यक्ष किती पैसे गेले ते लिहावे: वीज, गॅस, किराणा, आई-वडिलांची औषधे, दुचाकीचा हप्ता, पतसंस्थेचे कर्ज, भिशी, मुलांची फी, गणपतीची आणि गल्लीतील मंडळाची वर्गणी, लग्नकार्यातले आहेर. त्यातून जाणाऱ्या माणसाचा स्वतःचा खर्च वजा करावा. उरलेली रक्कम म्हणजे तो माणूस इथे नसतानाही दरमहा लागणारा पैसा होय. त्यात आणखी एक रकाना जोडावा लागतो. जी कामे तो स्वतः करत होता, ती आता पैसे देऊन करून घ्यावी लागतात. वडिलांना दवाखान्यात न्यायला रिक्षा लागते, शेतात मजूर वाढवावा लागतो आणि पावसाळ्याआधी कौले परतायला माणूस बोलवावा लागतो.

याच पायरीवर आणखी एक यादी करावी, आणि ती माझ्या मते साऱ्या वहीतली सर्वात उपयोगी यादी आहे. आज ज्या गोष्टींसाठी आपण काहीच पैसे मोजत नाही, त्या सर्व तिच्यात लिहाव्यात. वडगाव, शहापूर किंवा येळ्ळूरच्या घरात वर्षाचा तांदूळ शेतातून येतो. स्वतःच्या शिवारातला बासमती खाणाऱ्या कुटुंबाला तांदळाचा बाजारभाव अनेकदा ठाऊकच नसतो. घर वडिलोपार्जित असल्यामुळे भाडे नसते, मूल आजीपाशी राहते, कामावर दुचाकीने दहा मिनिटांत जाता येते आणि बिघडलेला नळ शेजारचा ओळखीचा माणूस चहावर दुरुस्त करून देतो. परदेशात यांतली प्रत्येक गोष्ट विकत घ्यावी लागते. इंटरनेटवर दोन शहरांच्या महागाईची तुलना करणारे आकडे मिळतात, पण ते दोन्हीकडे भाड्याने राहणाऱ्या आणि दुकानातून सर्व काही घेणाऱ्या माणसाला समोर ठेवून काढलेले असतात. पुण्यात किंवा बेंगळूरमध्ये भाड्याने राहून नोकरी करणाऱ्याला ती तुलना थोडीफार लागू पडते, खानापूरच्या स्वतःच्या घरातून निघणाऱ्याला मात्र ती फसवते.

दुसरी पायरी: विमानात बसेपर्यंत

या भागातला खर्च तुकड्यातुकड्यांनी होतो, म्हणून तो डोळ्यांत भरत नाही. पासपोर्ट, पोलिसांचा ना-हरकत दाखला, वैद्यकीय तपासणी, भाषेची परीक्षा, व्हिसाची फी, कागदपत्रांची भाषांतरे, प्रमाणीकरण आणि प्रवास हे सर्व वेगवेगळे लिहावे.

सीमाभागातल्या माणसाला इथे दोन खास खर्च येतात. पहिला कागदपत्रांचा. शहराचे सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगावी’ झाले. त्यामुळे जन्मदाखल्यावर ‘बेलगाम’, पासपोर्टवर ‘बेळगावी’ आणि मराठी शाळेच्या दाखल्यावर ‘बेळगाव’ अशी एकाच गावाची तीन नावे एकाच माणसाच्या फायलीत असतात. शिवाय काही कागद कन्नडमध्ये, काही मराठीत आणि काही इंग्रजीत असतात, आणि आडनावाचे स्पेलिंग प्रत्येक लिपीतून इंग्रजीत येताना बदललेले असते. माझ्या मावसभावाचा अर्ज केवळ वडिलांच्या नावातल्या एका अक्षरावरून परत आला आणि प्रतिज्ञापत्र, नवे भाषांतर व पुन्हा भेटीची वेळ यांत दीड महिना गेला. म्हणून फी भरण्याआधी सर्व कागद टेबलावर पसरून नावे, जन्मतारीख आणि जन्मस्थान एकाखाली एक ताडून पाहावे. शिक्षणाच्या प्रमाणपत्रांचे प्रमाणीकरण राज्य सरकारकडून आणि नंतर केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून होते. एकमेकांचे कागद एकाच शिक्क्यावर मान्य करणाऱ्या हेगच्या करारातील देशांसाठी तिथे तो ‘अपोस्टिल’चा शिक्का मिळतो, तर संयुक्त अरब अमिरातीसारख्या कराराबाहेरच्या देशासाठी त्यांच्या दूतावासाचे प्रमाणीकरणही लागते आणि त्याची फी वेगळी असते. आपल्याकडच्या अभियंत्यांना एक सोय मात्र घरबसल्या आहे: विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयच बेळगावात असल्याने गुणपत्रकांच्या अधिकृत प्रतींसाठी त्यांना परगावी जावे लागत नाही.

दुसरा खर्च बेंगळूरच्या फेऱ्यांचा. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर जवळ आणि बेळगावच्या माणसाला गोवा जवळ, पण सरकारी कामाचा रस्ता राज्याच्या हद्दीप्रमाणे वळतो. जर्मनीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा हवा असेल तर कर्नाटकातल्या रहिवाशाचा अर्ज त्या देशाच्या बेंगळूरच्या वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतो. पुण्यात बहीण राहते म्हणून तो मुंबईकडे वळवता येत नाही. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रीतून जाता येते आणि ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही आहे, तरी भाडे, एका रात्रीचा मुक्काम आणि बुडालेला रोज धरून अशा किमान तीन फेऱ्या वहीत लिहाव्यात. विमानाचे तिकीट पाहतानाही केवळ तिकिटाचा दर पाहू नये. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून थेट परदेशी विमान नाही, त्यामुळे गोव्यातील मोप, मुंबई किंवा बेंगळूर येथपर्यंतचा प्रवास, सोडायला येणाऱ्यांची गाडी आणि जादा सामानाचे पैसे हे सर्व मिळून खरे तिकीट ठरते.

आखाताकडे कामगार म्हणून जाणाऱ्यांनी एजंटाच्या पैशाबाबत कायदा नीट समजून घ्यावा. नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात, आणि त्याची पावती द्यावी लागते. एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे केंद्र सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर परवानगीची अट असते. आखातासह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना त्यांना सरकारी मंजुरी आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा घ्यावा लागतो. त्याचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये अधिक कर इतकाच असून अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचे संरक्षण मिळते. अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाने करायचा असतो. त्यामुळे ‘व्हिसाचे दीड लाख’ मागणारा माणूस समोर आला की वही मिटून घरी यावे.

ब्रिटनकडे जाणाऱ्यांसाठी या भागातला सर्वात जड आकडा आरोग्य अधिभाराचा असतो. तो फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड, तर विद्यार्थी आणि १८ वर्षांखालील मुलांना ७७६ पौंड असा आहे, आणि तो व्हिसाच्या सर्व वर्षांसाठी अर्जाबरोबरच भरावा लागतो. पती, पत्नी आणि दोन मुले तीन वर्षांच्या नोकरीच्या व्हिसावर निघाली तर हीच रक्कम १०,८६६ पौंड होते, आणि अजून पहिला पगार दूरच असतो. आरोग्य सेवेच्या व्हिसावर जाणाऱ्या परिचारिकांना मात्र हा अधिभार माफ आहे, हे आपल्याकडच्या नर्सिंगच्या मुलींनी आवर्जून लक्षात ठेवावे.

तिसरी पायरी: दाखवायचे पैसे आणि खर्चायचे पैसे

अनेक देश ‘तुमच्याकडे इतके पैसे आहेत हे दाखवा’ असे सांगतात. ही रक्कम खर्च नव्हे, पण ती अडकून पडते, म्हणून वहीत वेगळ्या शाईने लिहावी. जर्मनीला शिकायला जाणाऱ्याला बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि तिथे गेल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा आहे. कॅनडाने विद्यार्थ्यासाठी १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर ठरवले असून पहिल्या वर्षाची फी आणि प्रवास त्याहून वेगळा असतो. असे आकडे बदलत राहतात, त्यामुळे अर्ज करण्याच्या आठवड्यात ते त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पाहावेत.

सरकारने ठरवलेली रक्कम म्हणजे तिथल्या शहरात भागेल इतकी रक्कम, असा समज करून घेऊ नये. म्युनिकसारख्या महागड्या शहरात ९९२ युरोतला मोठा हिस्सा एका खोलीलाच जातो, तर पूर्व जर्मनीतल्या लहान विद्यापीठाच्या गावी तेवढ्यात महिना निघतो. विद्यापीठ निवडताना नावाबरोबर गावाचे भाडेही पाहावे ते यासाठीच.

हे पैसे कर्जाने उभे करायचे असतील तर तारणाची चौकशी आधी करावी. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला सार्वजनिक बँका साधारणपणे तारण मागतात आणि शेतजमीन तारण म्हणून घ्यायला त्या सहसा तयार नसतात. एन. ए. (बिगरशेती) न झालेल्या प्लॉटवरच्या घराचीही तीच अडचण होते, आणि आपल्या भागात अशी घरे पुष्कळ आहेत. शिक्षण संपेपर्यंत हप्ता नसला तरी व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते. भिशी उचलून किंवा सोने गहाण टाकून दाखवायची रक्कम काही आठवड्यांपुरती उभी करणाऱ्यांना मी स्पष्ट नाही म्हणतो. पैसे किती काळ खात्यात होते आणि कुठून आले हे अनेक देश तपासतात, आणि तिथे पोहोचल्यावर ते पैसे परत करायचे असतील तर राहायचे कशावर, हा प्रश्न उरतोच.

चौथी पायरी: पगाराआधीचे तीन महिने

नोकरी पक्की असली तरी पहिला पगार महिना संपल्यावर येतो, आणि त्याआधी घर मिळवायचे असते. घर म्हणजे अनामत. जर्मनीत घरमालक गरम करण्याचा व इतर खर्च वगळून उरलेल्या मूळ भाड्याच्या तीन पटीपर्यंत अनामत घेऊ शकतो. ती कायद्याने तीन हप्त्यांत देता येते, हे फारसे कुणी सांगत नाही. इंग्लंडमध्ये ती बहुतेक घरांसाठी पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. दुबईत वर्षाचे भाडे एक, चार किंवा बारा धनादेशांत आगाऊ द्यावे लागते. त्याशिवाय अनामत, दलाली, भाडेकराराची ‘इजारी’ नोंदणी आणि वीज-पाण्याच्या जोडणीसाठी फ्लॅटला २,००० दिरहम ठेव असते.

घर मिळेपर्यंत तात्पुरत्या खोलीत राहावे लागते आणि ती नेहमीच महाग असते. चार आठवडे धरावेत. दोन धरणाऱ्यांची वही मी पाहिली आहे आणि ती तिसऱ्या आठवड्यात फाटते. जर्मनीत भाड्याच्या घरात अनेकदा स्वयंपाकघराची ओटा-कपाटेही नसतात, दिवेही नसतात. आधीच्या भाडेकरूकडून ती विकत घ्यावी लागतात. थंडीचे कपडे इथून नेण्यापेक्षा तिथे जुन्या कपड्यांच्या दुकानात घेतलेले बरे. प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणे, पहिल्या महिन्याचे मसाले आणि चष्म्याची दुसरी जोडी मात्र इथूनच न्यावी.

या तीन महिन्यांची एकूण रक्कम काढली की तिच्यावर एक-चतुर्थांश वाढवून ती हाताशी ठेवावी. हीच रक्कम नसल्यामुळे माणूस पहिल्याच महिन्यात क्रेडिट कार्डावर किंवा खोलीतल्या मित्राच्या उसनवारीवर जगू लागतो आणि त्यातून बाहेर पडायला वर्ष जाते.

पाचवी पायरी: तिथला महिना

पगाराचा आकडा ऐकल्याबरोबर त्याला रुपयांच्या दराने गुणायची सवय सोडावी. आधी हातात किती येते ते पाहावे. जर्मनीत पगारातून निवृत्तिवेतन, आरोग्य, बेकारी आणि शुश्रूषा विम्याचे मिळून सुमारे पाचवा हिस्सा जातो आणि त्यावर प्राप्तिकर लागतो. एकट्या माणसाचा ४,००० युरोचा पगार हातात येताना २,६०० युरोच्या आसपास उरतो. विवाहितांना मिळणारा कमी कराचा वर्ग पत्नी बेळगावात राहत असेल तर साधारणपणे लागू होत नाही, त्यामुळे ‘लग्न झाले आहे, कर कमी लागेल’ असे गृहीत धरून वही भरू नये. भाडे सांगताना ‘थंड’ आणि ‘उबदार’ असे दोन आकडे असतात. उबदारमध्ये गरम करण्याचा व इमारतीचा खर्च येतो, वीज आणि इंटरनेट बहुधा त्याच्याही बाहेर राहतात. घरटी रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी. देशभर लोकल गाड्या, बस आणि ट्रामला चालणारे मासिक तिकीट जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झाले आहे, आणि ते असले की गाडीची गरज बऱ्याच शहरांत पडत नाही. ब्रिटनमध्ये भाड्याच्या जोडीला स्थानिक कौन्सिल टॅक्स असतो. घरातले सर्वच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर तो माफ होतो.

दुबईचा हिशेब मी एका कल्पित उदाहरणाने मांडतो, कारण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले बरेच तरुण तिकडेच पाहत असतात. समजा, सीएनसी मशीन चालवणाऱ्या तरुणाला ५,००० दिरहम पगार मिळाला आणि एक दिरहम म्हणजे २४ रुपये धरले. गुणाकार १,२०,००० रुपये दाखवतो आणि घरात पेढे वाटले जातात. आता वही उघडू. चारजणांच्या खोलीत बेडस्पेस ९०० दिरहम, जेवण ७००, प्रवास ३००, फोन १५० आणि किरकोळ ३०० मिळून २,३५० दिरहम होतात. उरलेल्या २,६५० दिरहमांचे ६३,६०० रुपये होतात. त्यातून इथल्या चुलीचे, म्हणजे वहीच्या चौथ्या भागातले, २२,००० गेले की ४१,६०० उरतात. जाण्यासाठी काढलेल्या दोन लाखांच्या कर्जाचा वर्षभराचा हप्ता १८,००० धरला की २३,६०० राहतात, आणि घरी येण्याच्या तिकिटासाठी दरमहा ३,००० बाजूला ठेवले की हातात २०,६०० रुपये. बेळगावात हाच तरुण २८,००० रुपये मिळवून दोन-तीन हजार मागे टाकत असेल तर जाणे फायद्याचेच आहे, पण हातात उरते ती रक्कम महिन्याला वीस हजारांची आहे, एक लाख वीस हजारांची नाही. घर बांधायला काढायचे, बहिणीचे लग्न ठरवायचे, ते या वीस हजारांवर.

करारपत्रात मूळ पगार किती आणि भत्ते किती हेही पाहावे. अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी असते. मूळ पगार कमी दाखवून भत्ते फुगवले असतील तर ती तेवढीच आटते.

सहावी पायरी: पैसे नेणे आणि पाठवणे

जाताना विदेशी चलनाच्या नोटा प्रत्येक प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात. बाकीची रक्कम प्रवासी कार्डावर किंवा बँकेमार्फत न्यावी. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर उगमस्थानी कर (पैसे पाठवतानाच बँक घेते तो, टीसीएस) कापला जात नाही आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या फीवर तो मुळीच लागत नाही. १० लाखांपुढे मात्र शिक्षणासाठी एक दर आणि इतर बहुतेक कारणांसाठी २० टक्के असा फरक पडतो, म्हणून बँकेच्या अर्जात उद्देशाचा रकाना विचारपूर्वक भरावा. कापलेली रक्कम विवरणपत्रात परत मागता येते, पण तोपर्यंत ती हातात नसते, आणि नेमकी त्याच महिन्यात ती हवी असते. वडील आणि मुलगा यांनी आपापल्या नावाने रक्कम पाठवली तर दोघांची मर्यादा वेगळी मोजली जाते.

परदेशात दुकानात कार्ड वापरताना यंत्र ‘रुपयांत की इथल्या चलनात’ असे विचारते. नेहमी तिथलेच चलन निवडावे, रुपयांचा पर्याय महाग पडतो. घरी पैसे पाठवताना ‘शुल्क शून्य’ ही पाटी पाहून भुलू नये. इथे हातात किती रुपये पडणार तेवढाच आकडा तीन ठिकाणी विचारावा. परदेशी स्थायिक झाल्यावर इथले बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथली कमाई एनआरई खात्यात ठेवल्यास व्याजावर इथे कर लागत नाही आणि पैसे परत बाहेर नेता येतात. घरभाडे, शेतीचे उत्पन्न असे इथले पैसे एनआरओ खात्यात जातात. वारशाने आलेली शेती ठेवता येते, पण अनिवासी असताना नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, हे भावाभावांत वाटणीची बोलणी चालू असतील तर निघण्याआधीच लक्षात घ्यावे.

सातवी पायरी: अचानक येण्याचे पैसे आणि कुटुंब नेण्याचा निर्णय

घरून रात्री फोन येतो आणि दुसऱ्या दिवशीचे तिकीट काढावे लागते. हे कुणालाही चुकत नाही. ऐन वेळचे तिकीट नेहमीच्या दुप्पट-तिप्पट असू शकते, म्हणून एका परतीच्या प्रवासाची रक्कम पहिल्या वर्षातच वेगळी साठवून तिला हात लावू नये.

कुटुंब नेण्याची घाई बहुतेकांना सहाव्या महिन्यात होते. अमिरातीत ४,००० दिरहम पगारावर कुटुंबाला व्हिसा मिळू शकतो. पण व्हिसा मिळणे आणि कुटुंब चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेडस्पेसच्या जागी फ्लॅट लागतो, दुबईत कामगाराचा आरोग्य विमा मालक काढतो परंतु पत्नी-मुलांचा स्वतःला काढावा लागतो, आणि शाळेची फी सुरू होते. त्याच वेळी इथली चूल थांबत नाही, कारण आई-वडील इथेच असतात. म्हणून वहीचा तिसरा भाग कुटुंबासाठी नव्याने लिहावा, चौथा तसाच ठेवावा आणि दोन्हींची बेरीज हातात येणाऱ्या पगाराच्या नऊ-दशांशाहून खाली बसत असेल तरच तिकिटे काढावीत. ती बसत नसेल तर पगारवाढीपर्यंत वर्षातून एकदा कुटुंबाला भेटीच्या व्हिसावर बोलावणे स्वस्त पडते.

वहीची एक प्रत इथे घर सांभाळणाऱ्या माणसाकडे राहावी, मग ती वहिनी असो, आक्का असो किंवा धाकटा भाऊ. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघांनी आपापली पाने वाचून दाखवावीत, आणि पाठवलेले व पोहोचलेले आकडे एकाच ओळीत लिहावेत.